धामापूरचा तलाव व कोयासान

जपानमधील कोयासान या पर्वतस्थ मठनगरीत दोन दिवस राहणारा यात्रिक कूकाई या बौद्ध आचार्यांचे समाधिस्थान पाहून परततो. याच आचार्यांनी इ. स. ८२१ मध्ये मान्नो जलाशयाच्या बांधाची दुरुस्ती करविली, हे त्याच्या ध्यानी क्वचितच येते. मालवण तालुक्यातील धामापुरातही भगवतीचे दर्शन घडते, बांध दुर्लक्षित राहतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये हा तलाव बांधला, अशी परंपरा आहे. (साम्यावरून संपर्काचे अनुमान अर्थातच काढू नये.) लग्नकार्यास दागिने मागितल्यास तलाव ते देई, ही आख्यायिका मात्र देसायांच्या नावापेक्षा अधिक रूढ आहे. पिकास पाणी मिळाल्याने आलेल्या सुबत्तेचीच ती स्मृती असावी, असे आम्हांस वाटते. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये तलावास वारसा म्हणून मान्यता दिली. ती बांधाला मिळाली, देवळाला नव्हे.