पंक्सुटॉनी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील जेफरसन परगण्यात असलेले छोटे शहर. लोकसंख्या ५,७६९ (२०२०). पिट्सबर्गच्या ईशान्येस सु. १३० किमी. अंतरावर, ॲलेगनी पठाराच्या टेकड्यांत, महोनिंग ओढ्याच्या काठी वसले आहे. २ फेब्रुवारीच्या पहाटे येथे ग्राउंडहॉग हा बिळात राहणारा प्राणी लोकांसमोर आणतात आणि उरलेल्या हिवाळ्याचे भाकीत जाहीर करतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, न दिसली तर वसंत लवकर येणार, असा संकेत आहे. हा दिवस अमेरिका व कॅनडातील अनेक गावे पाळतात. पहिला मान मात्र पंक्सुटॉनीचा. गावकरी आपल्या गावाला लाडाने ‘पंक्सी’ म्हणतात.

हा मुलूख मूळचा लेनापी (डेलावेअर) लोकांचा. गावाचे नाव त्यांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ चिलटांचे किंवा डासांचे ठिकाण असा सांगतात. १७७२ मध्ये मोरेव्हियन पंथाचे धर्मोपदेशक जॉन एटवाइन हे ख्रिस्ती झालेल्या डेलावेअर लोकांना घेऊन या वाटेने पश्चिमेकडे गेले. चिलटांनी त्यांना कसे हैराण केले याची नोंद त्यांच्या प्रवासवृत्तात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आसपास दगडी कोळशाच्या खाणी निघाल्या, रेल्वे आली आणि गावाचा नूर पालटला. जवळच्या वॉल्स्टन येथे कोक भाजण्याच्या भट्ट्यांची सु. दोन किमी. लांबीची रांग होती. जगातली सर्वांत लांब रांग म्हणून तिची ख्याती होती. १९२० च्या सुमारास लोकसंख्या दहा हजारांच्या घरात पोचली. पुढे खाणी मंदावल्या, भट्ट्या विझल्या आणि वस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातल्या कितीतरी खाणगावांची हीच कथा आहे. ती गावे नकाशावर उरली. पंक्सुटॉनीचे नाव मात्र वर्षातून एकदा अमेरिकेतल्या घराघरांत घेतले जाते.

ग्राउंडहॉग (मार्मोटा मोनॅक्स) हा खारीच्या कुळातला, पण जमिनीवर वावरणारा जाडजूड कृंतक प्राणी. लडाखच्या कुरणांत बिळाच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालणारे मार्मोट अनेक मराठी पर्यटकांनी पाहिलेले असतात. ग्राउंडहॉग त्यांचाच भाऊबंद. उन्हाळाभर खाऊन तो अंगावर चरबी साठवतो आणि थंडी पडली की गोठणाऱ्या मातीच्या थराखाली शीतनिद्रेत जातो. ही खरी शीतनिद्रा असते. शरीराचे तापमान ३७° से. वरून ५° से. च्या आसपास उतरते आणि मिनिटाला ऐंशीच्या घरात पडणारे हृदयाचे ठोके पाच-दहांवर येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नर थोडा वेळ जागे होऊन बाहेर पडतात, आसपासच्या माद्यांची बिळे हेरून ठेवतात आणि पुन्हा झोपी जातात. मीलनाचा काळ मार्चमध्ये येतो. पेनसिल्व्हेनियातील प्राणिशास्त्रज्ञांच्या निरीक्षणातून हे पुढे आले आहे. म्हणजे या तारखेच्या सुमारास ग्राउंडहॉग बाहेर डोकावतो हे जुन्या शेतकऱ्यांचे पाहणे बरोबर होते. हवामानाशी त्याचा लावलेला संबंध तेवढा माणसाने जोडलेला.

तो संबंध युरोपातून आला. नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, ख्रिस्ती लोकांत कँडलमास हा मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा सण असतो. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक वाचकांना तो ठाऊक असेलच. त्या दिवशी ऊन पडले तर हिवाळा लांबतो, आभाळ भरलेले असेल तर संपत येतो, अशी समजूत युरोपच्या पुष्कळ भागांत होती. जर्मन भाषकांनी त्यात प्राणी आणला. त्यांच्याकडे सावली पाहणारा प्राणी बॅजर असे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनांनी ही समजूत बरोबर आणली आणि बॅजरच्या जागी इथे शेताच्या बांधाबांधाला दिसणारा ग्राउंडहॉग बसवला. मॉर्गनटाउनच्या जेम्स मॉरिस या दुकानदाराने आपल्या जर्मन शेजाऱ्यांची ही समजूत १८४१ च्या रोजनिशीत टिपली आहे. अमेरिकेतल्या जुन्यात जुन्या नोंदींत ती गणली जाते.

हिवाळा किती उरला हा प्रश्न त्या शेतकऱ्यांना गमतीचा नव्हता. २ फेब्रुवारीला गोठ्यातला निम्मा चारा आणि निम्मे सरपण शिल्लक असलेच पाहिजे, असा उत्तरेकडच्या शेतीतला जुना दंडक होता. ही तारीख डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून वसंतसंपातापर्यंतच्या काळाच्या साधारण मध्यावर पडते. हिशेब केला तर २ फेब्रुवारी ते २० मार्च हे ४६ दिवस, म्हणजे साडेसहा आठवडे होतात. सावली दिसो वा न दिसो, पंचांगाप्रमाणे हिवाळा तेवढाच उरलेला असतो. समजुतीला थोडा निसर्गाचाही आधार आहे. या भागात हिवाळ्यातले निरभ्र आकाश बहुधा उत्तरेकडून उतरलेल्या थंड, कोरड्या हवेबरोबर येते आणि ढग दमट, त्यामानाने उबदार हवेबरोबर येतात. त्यामुळे स्वच्छ ऊन पडले की पुढचे एक-दोन दिवस गारठा टिकेल, एवढे म्हणता येते. सहा आठवड्यांचे सांगता येत नाही.

लोकपरंपरांच्या मुळाशी जाऊ लागले की तारीख हाती लागत नाही. पंक्सुटॉनीत ती छापील सापडते. २ फेब्रुवारी १८८६ च्या ‘पंक्सुटॉनी स्पिरिट’ या स्थानिक वर्तमानपत्रात, आज ग्राउंडहॉगचा दिवस असून अंक छपाईला जाईपर्यंत प्राण्याला सावली दिसलेली नाही, अशा अर्थाची दोन ओळींची बातमी आली. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, काही मंडळी गावाबाहेरच्या गॉब्लर्स नॉब या टेकाडावर गेली आणि तिथून भाकीत जाहीर झाले. या सगळ्यामागे पत्राचे संपादक क्लायमर फ्रीस यांची कल्पकता होती. आपल्याच गावचा ग्राउंडहॉग अस्सल, बाकीचे तोतये, हे त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले आणि इतर शहरांच्या पत्रांनी ते उचलले. मंडळींचा मूळ छंद ग्राउंडहॉगची शिकार करून मांस खाण्याचा होता. उन्हाळ्याच्या अखेरीस शिकार, मग सहभोजन आणि भाषणे असा बेत असे. शिकारीची मंडळी हळूहळू ‘ग्राउंडहॉग क्लब’ झाली आणि ताटातला प्राणी मानकरी झाला. त्याचे फिल हे नाव मात्र बरेच उशिरा, १९६१ मध्ये रूढ झाले.

प्रस्तुत लेखकाच्या मते या गावाचे मोठेपण इथे आहे. एका संपादकाने घडवलेली प्रथा पुढच्या पिढ्यांनी दिलेल्या शब्दासारखी पाळली. लोकपरंपरा अनादि असावी लागते असे नाही. तिला दरवर्षी पहाटे उठणारी माणसे लागतात.

आज सोहळ्याची जबाबदारी क्लबच्या ‘इनर सर्कल’ या पंधराजणांच्या मंडळाकडे आहे. काळा टक्सीडो आणि उंच काळी हॅट हा त्यांचा पोशाख. प्रत्येकाला एक टोपणनाव असते आणि ते बहुधा पाऊस, बर्फ, गडगडाट यांच्याशी नाते सांगणारे असते. फिलची निगा, वर्षभराचे दौरे आणि उत्सवाची व्यवस्था हे सारे मंडळ पाहते.

२ फेब्रुवारीला मध्यरात्र उलटून दोन-तीन तास झाले की लोक टेकाडावर जमू लागतात. पारा बहुधा शून्याच्या बराच खाली असतो. पायाखाली तुडवलेला बर्फ किंवा गोठलेला चिखल. मंचावर संगीत आणि नाच चालू असतो, अंधार असतानाच शोभेचे दारूकाम होते. मंचाच्या मध्यभागी झाडाच्या बुंध्यासारखा एक बनावट बुंधा असून त्याला पुढे लहानसे दार आहे. आत ऊब ठेवलेली असते आणि फिलला आधीच तिथे आणलेले असते. सूर्योदयाच्या सुमारास, साधारण साडेसातच्या आत, हॅटवाले रांगेने येतात. क्लबचे अध्यक्ष काठीने बुंध्यावर ठोठावतात. दार उघडते, आणि जाड हातमोजे घातलेला पालक फिलला बाहेर काढून डोक्यावर उंच धरतो. करड्या-तपकिरी केसांचा, रुंद पाठीचा, पुढच्या पायांनी हवेत चाळवाचाळव करणारा तो प्राणी क्षणभर सगळ्यांना दिसतो आणि एकच गलका होतो. मग त्याला बुंध्यावर ठेवतात. अध्यक्ष खाली वाकून कान देतात. हातात बाभळीच्या जातीच्या लाकडाची जुनी काठी असली की त्यांना ‘ग्राउंडहॉगी’ भाषा कळते, अशी क्लबची श्रद्धा आहे. बुंध्यावर दोन गुंडाळ्या मांडलेल्या असतात, एक सावलीची, एक बिनसावलीची. फिलने निवडलेल्या गुंडाळीकडे अध्यक्ष काठीने खूण करतात आणि त्यातले पद्यातले भाकीत मोठ्याने वाचले जाते. सावली म्हटले की गर्दी हुर्यो करते, वसंत म्हटले की टोप्या उडतात. आकाशात त्या वेळी ऊन आहे की ढग, याचा निकालाशी संबंध नसतो, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांना ते माहीत असते.

क्लबच्या मते १८८६ पासूनचा फिल हा एकच आहे. दरवर्षीच्या सहलीत तो एका गुप्त पेयाचा घोट घेतो आणि त्याने आयुष्य सात वर्षांनी वाढते. (पाळलेला ग्राउंडहॉग एरवी दहाएक वर्षे जगतो.) त्याचे भाकीत कधीच चुकत नाही, चूक झालीच तर अध्यक्षांच्या भाषांतराची. क्लबच्या जुन्या कथांत एक दारूबंदीच्या काळातली आहे. तेव्हा, दोन घोट मिळाले नाहीत तर देशावर साठ आठवड्यांचा हिवाळा आणीन, अशी धमकी फिलने दिली होती म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली भाकीत झाले नाही. १९८६ मध्ये फिलने व्हाइट हाऊसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची भेट घेतली. २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांविना सोहळा झाला आणि मैदानात पुठ्ठ्याची माणसे उभी केली होती. २०२४ च्या मार्चमध्ये फिल आणि त्याची जोडीदारीण फिलिस यांना दोन पिल्ले झाली. ‘सनी’ आणि ‘शॅडो’ अशी त्यांची नावे ठेवली.

आजवर शंभराहून अधिक वेळा सावली दिसल्याचे जाहीर झाले आहे. वसंत लवकर येण्याची ग्वाही वीस-एकवीस वेळांच्या आसपास. अमेरिकेच्या हवामानविषयक राष्ट्रीय संस्थेने (नोआ) अलीकडच्या वर्षांची भाकिते तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिली, तर ती दहांत चारच्या आगेमागे वेळा खरी ठरल्याचे दिसते. नाणेफेक याहून बरी. गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. निजण्याच्या दिवसांत प्राण्याला जागे ठेवून प्रखर दिव्यांत आणि हजारोंच्या आरोळ्यांत उभे करणे योग्य नाही, असे प्राणिहक्कवादी म्हणतात आणि त्याच्या जागी यंत्रपशू ठेवावा असेही त्यांनी सुचवले आहे. फिलची बडदास्त उत्तम राखली जाते, असे क्लबचे उत्तर असते. तरीही आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही.

हॅरल्ड रॅमिस दिग्दर्शित ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) या चित्रपटाने गाव जगभर पोचवले. बिल मरेने रंगवलेला हवामानाचा वार्ताहर २ फेब्रुवारी हा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगत राहतो. चित्रण मात्र इलिनॉय राज्यातल्या वुडस्टॉक गावी झाले, आणि आता तिथेही हा दिवस साजरा होतो. चित्रपटापूर्वी सोहळ्याला काही हजार लोक येत. नंतर, विशेषतः तारीख शनिवार-रविवारी आली तर, गर्दी तीस-चाळीस हजारांपर्यंत गेली आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचा चक आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वायरटनचा विली हे फिलचे नामवंत प्रतिस्पर्धी. पूर्व पेनसिल्व्हेनियात १९३४ पासून जर्मन बोलीच्या ‘ग्राउंडहॉग लॉज’ भरतात. तिथे इंग्रजी शब्द उच्चारणाऱ्याला दंड भरावा लागतो. मरू घातलेली बोली जपण्यासाठी याच प्राण्याचा असा उपयोग व्हावा, ही या प्रथेची फार देखणी शाखा आहे.

गावात मुक्कामाच्या खोल्या थोड्या. २ फेब्रुवारीसाठी त्या फार आधीच भरतात आणि बरेच पाहुणे आसपासच्या गावांतून किंवा पिट्सबर्गहून रातोरात मोटारीने येतात. गॉब्लर्स नॉब गावापासून सु. तीन किमी. असून त्या रात्री तिथपर्यंत शटल बस सुटतात. पाठीवरच्या पिशव्या आणि मद्य नेता येत नाही. अंगावर कपड्यांचे थर आणि पायात उबदार, पाणी न शिरणारे बूट हवेतच, कारण चार-पाच तास उभे राहावे लागते. भाकितानंतर गर्दी गावात उतरते. गिरिजाघरांत आणि सभागृहांत न्याहारी मिळते, बार्कली चौकाच्या बागेत खेळ आणि बाजार असतो. फिलसाठी वाचनालयाच्या इमारतीत बीळ केलेले असून ते रस्त्यावरून काचेतून दिसते. जुन्या टपालकचेरीच्या इमारतीत हवामानशास्त्राची ओळख करून देणारे संग्रहालय असून मुलांना तिथे उपकरणे हाताळता येतात. रस्तोरस्ती फिलचे रंगवलेले मोठाले पुतळे उभे आहेत. गारठा सोसत नसेल त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या ग्राउंडहॉग महोत्सवाला जावे. त्या दिवसांत टेकाड हिरवे असते आणि बुंध्याशी उभे राहून छायाचित्र काढायला रांग लागत नाही.