येशूच्या वंशावळीतल्या पाच जणी

शेतीच्या वाटणीला किंवा जात पडताळणीला वंशावळ लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. पणजोबा, आजोबा, वडील अशी नावं खाली उतरत जातात. आज अशाच एका जुन्या वंशावळीबद्दल बोलू या.

ख्रिस्ती धर्म ज्यांच्या नावाने चालतो ते येशू जन्माने यहूदी होते. बायबलच्या नव्या करारात मत्तयाचं शुभवर्तमान सुरूच होतं ते त्यांच्या वंशावळीने. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत चौदा पिढ्या, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा आणि तिथून येशूपर्यंत चौदा. लूकही सांगतो, की आठव्या दिवशी यहूदी रिवाजाप्रमाणे बाळाची सुंता झाली आणि नाव ठेवलं. आईवडील गरीब, म्हणून मंदिरात पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण झालं. मोठेपणी येशू शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, सभास्थानात जात. विहिरीवर त्यांनी एका शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, तेव्हा तिला नवल वाटलं: तुम्ही यहूदी, आणि माझ्या हातचं पाणी मागता? कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत.

यहूदी लोक आपल्या महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कोकणातले बेने इस्रायल मराठीच बोलत. तेल गाळणं हा त्यांचा धंदा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. दिवे गावचे ते दिवेकर, आपल्यासारखंच आडनाव.

आता त्या वंशावळीकडे परत येऊ. लूकच्या यादीत सगळे पुरुष आहेत. मत्तयाच्या यादीत मात्र पाच बायका आहेत. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि येशूची आई मरिया.

यातली रूथ परदेशी, मवाबी, तरुणपणीच विधवा झालेली. सासू नामीला तिने एकटं सोडलं नाही. दोघी बेथलेहेमला आल्या, आणि पोटासाठी रूथ लोकांच्या शेतात जवाचा सरवा वेचू लागली. पुढे शेतमालक बवाजाशी तिचं लग्न झालं. दावीद राजा तिचा पणतू. राजाच्या घराण्याचं मूळ असं सरवा वेचणाऱ्या बाईपाशी जातं.

आणि चौथी? तिचं नाव बथशेबा. जुन्या करारात ते आहे, पण मत्तयाने लिहिलं नाही. यादीत आली तीही ‘उरीयाची बायको’ म्हणून. आपल्याकडेही कित्येक जणी आयुष्यभर ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ म्हणूनच ओळखल्या जातात.

2024 साली महाराष्ट्र सरकारने शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पुढच्या पिढीची सोय झाली. मागच्या पिढ्यांचं काय? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आई, आजी, पणजी, सासू, आजेसासू यांची नावं वहीत लिहून आणा. पणजीचं नाव आठवत नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ती आहेत तोवरच ते नाव मिळेल.