लेखनशिक्षण, बालकांचे

अक्षरे वळणदार काढण्याचे कौशल्य आणि स्वतःचे म्हणणे अक्षरांत मांडण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी होत. महाराष्ट्रात दीर्घकाळ पहिलीवरच भर राहिला. दुसरीचा विचार, मूल कोठे व कशाच्या सान्निध्यात शिकते या प्रश्नाबरोबर पुढे आला.

पंतोजींच्या शाळा देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरत. धूळपाटीवर बारीक धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत आणि हात बसल्यावर बोरू, कित्ता व मोडी यांकडे वळत. हिशेब व पत्रव्यवहार यांची गरज या पद्धतीने चांगली भागे. मुलाने मनातले काही लिहावे, अशी अपेक्षाच नसे. शिवाय ओसरीवर कोणी बसावे, हे जातीवरून ठरे आणि मुलींना तेथे बहुधा स्थान नसे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी व पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती शिशुवयाची नव्हती, हे खरे; तथापि शाळेत जागा मिळालेली मुलगी कित्त्यापलीकडे जाऊन आपल्या जगण्याविषयी लिहू शकते, याचे इतके जुने व ठळक उदाहरण मराठीत क्वचितच आढळेल.

शिशुवयाच्या लेखनाचा पद्धतशीर विचार मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या कार्यातून भारतात आला. १९०७ मध्ये रोम येथे त्यांनी सुरू केलेल्या बालगृहात मेजे, खुर्च्या व कपाटे मुलांच्या उंचीची होती. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मूल अक्षराचे वळण ओळखे आणि सुट्या अक्षरांचे शब्द जुळवी. लेखन वाचनाच्या आधी येते, असा त्यांचा अनुभव होता.

भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ही दृष्टी मराठी प्रदेशात रुजविली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु माँटेसरी साधने महाग होती आणि ती शहरी, सुस्थित घरांतील मुलांपुरतीच राहण्याचा धोका होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातून रूढ झाले. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या व माती हीच तेथील साधने. बिया ओवणे, खड्यांच्या ओळी मांडणे, जमिनीवर आकार काढणे यांनी बोटांना वळण लागे. गाणी, गोष्टी व गप्पा यांतून बोलण्याला शब्द मिळत. देवनागरीच्या बाबतीत या पूर्वतयारीचे महत्त्व अधिक आहे. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राला धरून असला, तरी प्रारंभीचा ‘अ’ लहान हाताला ‘ग’ किंवा ‘र’ यांपेक्षा खचितच अवघड जातो.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी वारली मुलांसाठी ते वाढविले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी ‘कुरणशाळा’ हे त्यांतील विशेष उल्लेखनीय प्रयोग होत. या मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी होती. मात्र लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक त्यांनी पाहिलेला असे. खुणांनी अर्थ सांगता येतो ही जाणीव, एका अर्थी, शाळेआधीच त्यांच्या घरी होती.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. पोषण व आरोग्य यांना तीत साहजिकच अग्रक्रम मिळाला. अंगणातील साधनांची कल्पकता मात्र नावाइतकी दूर पोहोचली नाही.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम केलेल्या लीला पाटील (१९२७–२०१२) यांनी १९८५ मध्ये कोल्हापूर येथे ‘सृजन आनंद विद्यालय’ स्थापन केले. परिसरभेटी व प्रकल्प यांतून आलेला अनुभव हा तेथे शिक्षणाचा पाया मानला गेला. त्यांच्या ग्रंथांपैकी एकाचे नाव लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं असे आहे. अन्यत्र, मोठ्यांनी रंगविलेल्या भिंती व छापील सुविचार यांनाच सर्जनशील परिसर समजण्याचा प्रघात पडला असून अशा भिंतींवर मुलांच्या हातची एक ओळही बहुधा दिसत नाही.