दहा सेंटांचे भागधारक

शब्बाथशाळा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीतील मुलांना रविवारी धर्मशिक्षण देणारा वर्ग, ही संस्था आरंभी परदेशांतील मिशनकार्यासाठी निर्माण झालेली नव्हती. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकाराने १७८० मध्ये ज्या शाळेला चालना दिली, तिचा हेतू आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना त्यांच्या एकुलत्या सुटीच्या दिवशी वाचायला शिकवावे आणि त्यांना वळण लावावे, एवढाच होता. दूरदेशी सुवार्ताप्रसार करणाऱ्या मोठ्या संस्था त्यानंतर निघाल्या : लंडन मिशनरी सोसायटी १७९५ मध्ये, तर अमेरिकन बोर्ड या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी बॉस्टनची संस्था १८१० मध्ये. दर आठवड्याला नेमाने जमणारा, शिक्षकाच्या हाताखाली बसणारा आणि घरोघरी पोचू शकणारा हा बालसमुदाय मिशनकार्याचा आधार होऊ शकतो, याचे भान या संस्थांना खऱ्या अर्थाने १८४० च्या दशकात आले आणि त्याला निमित्त झाले ते एका जहाजाचे.

दक्षिण पॅसिफिकमध्ये काम करणारे लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स हे नोव्हेंबर १८३९ मध्ये एरोमांगा बेटावर मारले गेले. ब्रिटनमधील मुलांनी विल्यम्स यांच्या नावाचे जहाज घेऊन द्यावे, असे आवाहन सोसायटीने केले आणि पेनी-पेनीने ६,२३७ पौंड जमले. १८४४ मध्ये ‘जॉन विल्यम्स’ हे जहाज समुद्रात उतरले. त्याचे पहिले कप्तान रॉबर्ट मॉर्गन यांनी १८३६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकी काहींना तेथे पोचवले होते, हा योगायोग बोलका आहे, कारण वसाहत आणि मिशन यांचे सागरी मार्ग, आणि पुष्कळदा माणसेही, एकच असत. जहाज एकदा विकत घेऊन भागत नाही. त्याची डागडुजी, शिडे आणि खलाशांचे पगार यांसाठी दरवर्षी पैसा लागतो. म्हणून नववर्षाचे अर्पण, म्हणजे वर्षारंभी मुलांनी घरोघर फिरून गोळा करावयाचा निधी, ही प्रथा रूढ झाली, आणि मुलांचा उत्साह टिकावा म्हणून सोसायटीने १८४४ मध्येच त्यांच्यासाठी स्वतंत्र मासिकही काढले.

अमेरिकन बोर्डाने हीच कल्पना अधिक चतुराईने राबवली. १८५२ पासून मायक्रोनेशियाच्या बेटांवर राहणाऱ्या त्याच्या मिशनऱ्यांना टपाल आणि शिधा यांसाठी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर विसंबावे लागे. ही जहाजे कधी येतील याचा नेम नसे आणि आली की त्यांच्याबरोबर दारू व रोगराई येई. बोर्डाला स्वतःचे जहाज हवे होते. त्यासाठी शब्बाथशाळेतील मुलांपुढे देणगीची वही न ठेवता दहा सेंटांचा एक भाग याप्रमाणे जहाजाचे भाग विक्रीस काढण्यात आले आणि पैसे देणाऱ्या मुलाला छापील दाखला मिळू लागला. दान विसरता येते, मालकी विसरता येत नाही. ज्या मुलाजवळ हा दाखला होता, त्याला आपले जहाज कोठे पोचले याची चौकशी करावीशी वाटणे स्वाभाविक होते. ‘मॉर्निंग स्टार’ नावाचे हे जहाज डिसेंबर १८५६ मध्ये बॉस्टनहून निघाले. पनामाचा कालवा तेव्हा नसल्याने त्याला दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून होनोलुलूस जावे लागले. त्यातून गेलेले मिशनरी हायरम बिंगहॅम (धाकटे) गिल्बर्ट बेटांवर राहिले, तेथील भाषेला त्यांनी लिखित रूप दिले आणि पुढे संपूर्ण बायबलचे त्या भाषेत भाषांतर केले. मुलांसाठी त्यांनी या जहाजाची हकीकतही लिहिली. त्यानंतर याच नावाची आणखी काही जहाजे झाली. या व्यवहाराला धर्मकार्यातील पहिल्या यशस्वी भागविक्रींपैकी एक म्हणण्यास हरकत नाही, जरी त्यावर लाभांश कधीच मिळणार नव्हता.

मुलांना मिशनकार्याकडे वळवणाऱ्या या शिक्षणाची दुसरी बाजू मात्र तितकी निर्दोष नाही. मुलांनी दूरच्या माणसांसाठी खाऊचे पैसे द्यावेत यासाठी ती माणसे दयनीय आहेत असे दाखवणे सोयीचे ठरे. प्रथम श्रीलंकेत व पुढे मद्रासमध्ये काम केलेले डॉ. जॉन स्कडर (वेल्लोरच्या रुग्णालयाच्या संस्थापक आयडा स्कडर यांचे आजोबा) यांनी १८४० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या असंख्य सभा घेतल्या आणि १८४९ मध्ये लहान वाचकांसाठी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बगाड, म्हणजे पाठीत आकडा टोचून फिरण्याचे नवस, आणि जगन्नाथाचा रथ यांची वर्णने आहेत. हिंदू घरातील रोजच्या जगण्याला त्या मानाने फारच थोडी जागा आहे. श्रीलंकेतील जाफन्याच्या वसतिशाळांत तर देणगीदाराने वर्षाला सुमारे २० डॉलर दिल्यास एखाद्या तमिळ मुलाचे नाव ठरवण्याचा मान त्याला मिळे, आणि अशा रीतीने बेंजामिन किंवा हॅरिएट झालेल्या मुलांचे मूळ नाव मागे पडे. खुद्द इंग्लंडमध्येही या उत्साहाची टवाळी झाली. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीतील मिसेस पार्डिगल आपल्या मुलांचे पैसे सक्तीने दूरदेशीच्या जमातीसह निरनिराळ्या धर्मादाय कार्यांना देणगी म्हणून देववते, आणि ती मुले रागाने धुमसत असतात. स्वेच्छा आणि सक्ती यांमधील सीमारेषा त्या काळातील वाचकांनाही दिसत होती, हे यावरून कळते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध थेट आहे, कारण ‘मॉर्निंग स्टार’ धाडणाऱ्या याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले होते. अमेरिकन मराठी मिशन या नावाने चाललेल्या या कार्यातील सिंथिया फॅरार यांची नगरमधील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ही गोष्ट सुपरिचित आहे. मिशनला पैसा पुरवणारी अमेरिकेतील मुले नगरच्या मुलांना केवळ मदतीचा विषय म्हणून ओळखत होती. पण नगरच्या ख्रिस्ती मंडळीत शब्बाथशाळा रुजल्यावर ती मुले स्वतःच वाचक झाली आणि अर्पण आणणारी झाली. भारतातील शब्बाथशाळांचा संघ १८७६ मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाला, आणि त्याच्या चार वर्षे आधी, १८७२ मध्ये, अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मराठी मुलांचे मासिक सुरू केले होते. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात या मासिकाची नोंद होते. ते ज्या बालमिशनच्या, म्हणजे मुलांना मिशनकार्यात सहभागी करून घेण्याच्या, व्यापक चळवळीतून निघाले, तिची नोंद मात्र क्वचितच केली जाते, आणि ती व्हायला हवी.