पडद्यावरचा पुंडलिक, पायरीवरचा चोखोबा

आषाढीला निघालेल्या दिंड्या शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडतात. 'पुंडलिक वरदे' हा गजर ऐकत माझी पन्नाशी उलटली. याच पुंडलिकावर आपल्याकडचा एक अगदी आरंभीचा चित्रपट निघाला होता, हे मात्र मला फार उशिरा कळले.

दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. लांबी सुमारे बावीस मिनिटे. रामराव कीर्तिकरांचे नाटक, बावीस वर्षांचा दिग्दर्शक, जॉन्सन नावाचा इंग्रज छायाचित्रकार आणि फिल्म धुण्यासाठी लंडन! वारकऱ्यांच्या आद्य भक्ताला पडद्यावर आणायला असे नाना देशींचे हात लागले. पण कॅमेरा परक्याचा आणि चित्रण रंगमंचावरच्या नाटकाचे, म्हणून पहिलेपणाचा मान वर्षभराने, ३ मे १९१३ रोजी आलेल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला मिळाला.

मला मात्र पहिला कोण, यापेक्षा पडद्यावर कोण होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न मोठा वाटतो. त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. फाळक्यांची तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच रंगवली. दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे ही चौकट मोडली.

दुसरी चौकट जातीची. चोखोबांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे मेहुणा राजा आमच्या जालन्याला लागूनच आहे. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीपाशी. म्हणजे मंदिराबाहेर. 'पुंडलिक' लागला त्या वर्षी त्यांच्या जातभाईंना विठ्ठलाचा गाभारा बंद होता. तो उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधे पस्तीस वर्षे गेली.

चित्रगृहातली जागा तिकिटाच्या दराने ठरे, मंदिरातली जन्माने. चित्रगृहांनी समता आणली, असे मी म्हणणार नाही. गरिबाला चार आणेही जड होते. पण देवाच्या दर्शनाला जन्माखेरीज दुसरा निकष असू शकतो, एवढे तरी त्या अंधाऱ्या खोलीने दाखवून दिले.

'पुंडलिक'ची एकही प्रत आज उरलेली नाही. चोखोबांची पायरी मात्र आहे. दिंडीत चालणाऱ्यांनी पुढच्या वेळी तिथे क्षणभर थांबावे.