लिंग आणि विवक्षा : तृतीयपंथीयांच्या आत्मप्रतीतीचीं साधनें

आपण स्त्री आहों, पुरुष आहों, कीं दोहोंहून निराळे, हें मनुष्यास कळतें कसें, हा प्रश्न बहुतेकांस पडतच नाहीं. ज्यांस तो पडतो त्यांपैकीं पुष्कळांस आपण आज तृतीयपंथी म्हणतों. हा प्रश्न वैद्यांचा, धर्मशास्त्र्यांचा व अलीकडे न्यायाधीशांचा समजला जातो. आमच्या मतें तो इतिहाससंशोधकाचाहि आहे. कारण हें कळणें विशिष्ट काळीं व विशिष्ट स्थळीं घडतें, आणि तेथें जे शब्द हातीं असतील तेच घेऊन घडतें. ते शब्द कोणते, कोणीं दिले, व कोणत्या कागदांत उतरले, हें पाहणें कागद चाळणारांचें काम होय. आम्ही हें सेनगांव तालुक्यांतील साखऱ्यास बसून लिहीत आहों. येथें हा विषय दूरचा वाटेल. परंतु तो या मुलुखावरून कसा गेला आहे हें पुढें येईलच.

आरंभ व्याकरणापासून करतों. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या मास्तराची ही खोड वाचकांनीं सहन करावी. पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ या सूत्रावर (४.१.३) भाष्य करतांना पतंजलि प्रथम लौकिक लक्षण मांडतो : स्तन व केश ज्यास आहेत ती स्त्री, अंगावर लोम आहेत तो पुरुष, आणि दोहोंच्या मधलें परंतु दोन्ही लक्षणें नसलेलें तें नपुंसक. हें लक्षण मांडतांच त्यावर आक्षेप येतात. नाटकांत स्त्रीवेष घेणाऱ्या भ्रूकुंसास मग स्त्रीप्रत्यय लावावा लागेल. केंसांनीं भरलेलें न्हाव्याचें दुकान पुल्लिंगी म्हणावें लागेल. आणि खट्वा व वृक्ष यांस यांपैकीं एकहि चिन्ह नसतां एक शब्द स्त्रीलिंगी व दुसरा पुल्लिंगी कां, याचें उत्तर मिळणार नाहीं. शेवटीं भाष्यकार अंगावरील चिन्हें सोडून देतो, संस्त्यान व प्रसव या दोन अवस्थांचा आश्रय करतो, आणि त्यांतहि कोणती सांगावयाची हें विवक्षेवर ठेवतो. विवक्षा म्हणजे बोलणाराची सांगण्याची इच्छा.

ही चर्चा शब्दांच्या लिंगाची आहे, माणसांच्या नव्हे. तिच्यावरून प्राचीन भारतांत तृतीयाप्रकृतीस मोठा मान होता असें अनुमान काढणें हा उतावीळपणा होईल. मनुस्मृतींत (९.२०१) क्लीबास पतिताच्या जोडीला बसवून दायभागांतून वगळलें आहे, ही गोष्ट अलीकडील पुष्कळ उत्साही लेखक सोयीस्करपणें विसरतात. आम्हांस भाष्यांतून एवढेंच उचलावयाचें आहे कीं, दिसणारें चिन्ह पुरेसें प्रमाण नाहीं हें वैयाकरणांच्या ध्यानांत आलें होतें, आणि त्या अडचणींतून वाट काढतांना त्यांस ‘विवक्षा’ हा शब्द सांपडला.

उद्योगपर्वांतील अंबोपाख्यानांत हाच झगडा कथारूपानें आला आहे. द्रुपदाची कन्या पुत्र म्हणून वाढविली गेली, दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या मुलीशीं तिचा विवाह झाला, आणि गुपित फुटलें. आईबापांवर आलेलें संकट पाहून शिखंडिनी मरण्यासाठीं वनांत गेली. तेथें स्थूणाकर्ण यक्षानें आपलें पुरुषत्व तिला देऊन तिचें स्त्रीत्व आपण घेतलें. पुढें हिरण्यवर्म्यानें पारख करण्यास तरुण स्त्रिया धाडल्या. त्यांनीं शिखंडी पुरुषच असल्याचा निर्वाळा दिला, आणि सासऱ्याचें समाधान झालें. भीष्माचें मात्र झालें नाहीं. जो पूर्वीं स्त्री होता त्यावर आपण शस्त्र टाकणार नाहीं, हा त्याचा हेका शेवटपर्यंत टिकला. सासरा आजचें शरीर पाहतो, भीष्म जन्माची नोंद पाहतो. आमच्या कचेऱ्यांतून आजहि हेच दोघे आळीपाळीनें बसलेले आढळतात. शिखंडीस स्वतःविषयीं काय वाटे, हें दोघांपैकीं कोणीहि विचारीत नाहीं. यक्षापाशीं तो पुरुषत्व मागतो खरा, परंतु कवीनें त्या मागणीस कारण दिलें आहे तें आईबापांच्या रक्षणाचें.

मराठी राज्याच्या काळाकडे आलें म्हणजे साधनें पालटतात. कथेच्या जागीं सनदा व दप्तरें येतात. लॉरेन्स प्रेस्टन या संशोधकानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत मुंबई सरकारच्या दप्तरावरून दाखविलें आहे कीं, मराठी अमलांत हिजड्यांस जमिनी, रोख नेमणुका व नेमलेल्या मुलुखांत भिक्षा मागण्याचे हक्क मिळालेले होते. हे हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. भिक्षेच्या हक्कास सरकारनें पाठबळ द्यावें ही कल्पना कंपनीच्या अधिकाऱ्यांस पटण्यासारखी नव्हती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो आधार काढून घेण्यांत आला. वतन असणें म्हणजे गांवगाड्यांत जागा असणें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वतन गेलें म्हणजे नुसतें उत्पन्न जात नाहीं, आपण कोण याचें चारचौघांत देतां येण्यासारखें उत्तर जातें. तथापि या कागदांची मर्यादाहि ओळखली पाहिजे. ‘अमक्याचा चेला’ एवढें ते सांगतात. चेला होण्यापूर्वीं तें पोर घरांत काय बोललें, अथवा कां बोललें नाहीं, हें सांगत नाहींत. तो त्यांचा हेतूच नव्हे. पाटीलकी अंगावर आली तेव्हां कुणब्यास काय वाटलें, हें तरी वतनी कागद कोठें सांगतात?

आतां आमच्या मुलुखाविषयीं. हिंगोली हें निजामाच्या राज्यांत परभणी जिल्ह्यांत मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाचा स्वतंत्र अंमल संपला, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० त महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. म्हणजे येथील जुन्या पिढ्यांच्या डोक्यावर इंग्रजांचा नव्हे, तर हैदराबादचा कायदा होता. इंग्रज सरकारनें १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत हिजड्यांसाठीं एक स्वतंत्र भाग घातला होता. त्याच सांच्यावर हैदराबादेंत फसली १३२९ मध्यें, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास, एक कायदा झाला. हैदराबाद शहरांत व सरकार नेमील अशा इतर ठिकाणीं राहणाऱ्या, मुलें पळविल्याचा वा खच्ची केल्याचा संशय असलेल्या हिजड्यांची नोंदवही ठेवावी. नोंदलेला इसम स्त्रीवेषांत किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसल्यास त्यास वॉरंटावांचून पकडावें. दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी, असा त्याचा मतलब होता.

या दोन्ही कायद्यांतील व्याख्या आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी आहे. आपण नपुंसक असल्याचें जो पुरुष कबूल करील, अथवा वैद्यकीय तपासणींत जो उघड तसा ठरेल, तो हिजडा. पतंजलीनें टाकून दिलेलें चिन्ह येथें डॉक्टराच्या हातीं परत आलें. आणि बोलणें? तेंहि आहे, परंतु कबुली म्हणून, आरोपीच्या तोंडून, आणि तेंही काय नाहीं याविषयीं. ‘मी स्त्री आहे’ असें कोणास सांगावयाचें असल्यास तें लिहून घेण्यास या नोंदवहींत रकानाच नव्हता. हा कायदा तेलंगणांत नांव पालटून एकविसाव्या शतकापर्यंत उरला होता. तेथील उच्च न्यायालयानें तो जुलै २०२३ मध्यें घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

सरकारी कागद असे मुके असतां लोकांस स्वतःविषयीं बोलावयास शब्द दिले ते देवस्थानांनीं व गुरुपरंपरांनीं. बेळगांवकडील सौंदत्तीच्या यल्लम्मेचे जोगते आमच्या प्रांतांत सर्वांस माहीत आहेत. कमरेस लुगडें, हातांत परडी, गळ्यांत माळ व दारोदार जोगवा. पुरुषदेहानें जन्मून स्त्रीवेषांत देवीची सेवा करणारे यांत पुष्कळ. केंसांत जट झाली म्हणजे देवीनें आपलें माणूस निवडलें अशी समजूत. तिकडे गुजरातेंत बहुचरा मातेचा कौल स्वप्नांत येतो अशी हिजड्यांची श्रद्धा. या भाषेची खुबी लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘मला लुगडें नेसावेंसें वाटतें’ असें म्हणणाऱ्या मुलास घरांत मार बसतो. ‘आई ओढते आहे’ असें म्हटलें कीं बाप हात आंवरतो, कारण भांडण आतां मुलाशीं राहत नाहीं, देवीशीं होतें. म्हणजे विवक्षा आहे, परंतु ती देवीच्या नांवें बोलली जाते. तें ढोंग आहे असें म्हणणारे सुधारक आम्हीं वाचले आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्वतःस ओळखण्यास ज्यास जो शब्द मिळाला त्यानें तो खरेपणानें वापरला. मात्र प्रत्येक जोगता या अर्थानें तृतीयपंथी असतो असेंहि समजूं नये. नवसापोटीं व दारिद्र्यापोटीं सोडलेलीं मुलेंहि त्यांत होतीं, आणि त्यांची विवक्षा कोणीं विचारली नव्हती.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. साखऱ्याच्याच जिल्ह्यांत नरसी हें नामदेवांचें गांव आहे. संतांच्या गौळणींत व विरहिणींत पुरुष कवि स्त्री होऊन बोलतो, विठोबास माउली म्हणतो. तेव्हां हाहि आमच्या विषयाचा पुरावा धरावा, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तो पुरावा नव्हे. ती भक्तीची भूमिका आहे. अभंग संपतांच कवि आपल्या संसारांत परत येतो. ज्यास परत येतां येत नाहीं त्याचा प्रश्न निराळा.

२०११ च्या जनगणनेंत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय आला, व त्याखालीं भारतांत ४,८७,८०३ तर महाराष्ट्रांत ४०,८९१ माणसें नोंदलीं गेलीं. हे आंकडे जेथें तेथें उद्धृत होतात. परंतु संशोधकानें त्यांचा पोटभाग पाहावा : भारताच्या आंकड्यांत चौपन्न हजारांवर मुलें सहा वर्षांच्या आंतील आहेत. प्रगणकास उत्तर देणारा घरांतील वडील माणूस असतो. तीन वर्षांच्या पोरानें आपली विवक्षा त्यास सांगितली असेल असें मानवत नाहीं. उलट, घराबाहेर न बोललेलीं तरुण माणसें ‘पुरुष’ या रकान्यांत किती गेलीं असतील, तें त्या रकान्यावरून कळावयाचें नाहीं. हेंहि साधन दुसऱ्यानें लिहिलेलें आहे.

प्रथमपुरुषी साधनें मराठींत अलीकडे मिळूं लागलीं. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हें वैशाली रोडे यांनीं शब्दांकित केलेलें आत्मकथन २०१२ चें. ठाण्याच्या ब्राह्मण घरांतील, नृत्याची आवड असलेलें मूल प्रथम मुंबईंतील समलिंगी पुरुषांच्या वर्तुळांत जातें, अशोक राव कवी यांस गांठतें. तेथील शब्द कांहीं दिवस अंगावर घेऊन पाहतें. पुढें शबीना नांवाच्या हिजड्याची भेट होते आणि लतागुरूंचें चेलेपण स्वीकारलें जातें. आम्हांस या कथनांत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, आत्मज्ञान एका क्षणीं लख्ख पडत नाहीं. एक शब्द घेऊन तो तोकडा पडला म्हणजे दुसरा घ्यावा, असें तें चालतें. ग्रंथनामांत ‘मी’ दोनदां आला आहे : एकदां परंपरेनें दिलेल्या नांवाशीं, एकदां स्वतःच्या नांवाशीं.

इंग्लंडांत १९७० च्या कॉर्बेट खटल्यांत न्यायमूर्ति ऑर्मरॉड यांनीं विवाहापुरतें लिंग ठरविण्यास गुणसूत्रें, ग्रंथि व इंद्रियें हीं तीन प्रमाणें धरलीं होतीं. स्तनकेशांचीच ही सुधारलेली आवृत्ति. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं ‘नालसा’ प्रकरणीं ती कसोटी नाकारून मनुष्याच्या स्वतःच्या प्रतीतीस प्राधान्य दिलें.

मराठवाड्यापुरतें पाहतां दोन प्रकरणें शेजारीं ठेवण्यासारखीं आहेत. बीड जिल्ह्यांतील पोलीस शिपाई ललित साळवे यांची भरती स्त्री म्हणून झाली होती. २०१७ त त्यांनीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली. ती मिळेना म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि मे २०१८ मध्यें मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या बाजूस वैद्यकीय चांचणींत आढळलेलें पुरुषाचें गुणसूत्र होतें. वैद्य या स्थितीस तृतीयपंथित्वाहून निराळी गणतात. दुसरें प्रकरण जळगांव तालुक्यांतील भादली बुद्रुक येथील, परंतु निकाल औरंगाबाद खंडपीठाचा, म्हणजे हिंगोलीसहि जें खंडपीठ लागू तेथला. अंजली गुरु संजना जान यांनीं ग्रामपंचायतीच्या स्त्रियांच्या जागेसाठीं अर्ज भरला. तो त्या तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. त्यांच्यापाशीं गुणसूत्राचा दाखला नव्हता; आपण स्त्री आहों हें म्हणणें होतें, आणि २०१९ चा कायदा होता. जानेवारी २०२१ च्या आरंभीं न्यायमूर्ति रवींद्र घुगे यांनीं अर्ज स्वीकारण्यास सांगितलें. मात्र यापुढें सोयीसाठीं पुरुषलिंगाकडे परत वळूं नये, अशी अटहि घातली. विवक्षा मान्य, परंतु जामीन घेऊन! असा जामीन इतर स्त्रीउमेदवारांकडून घेत नाहींत. त्याच महिन्यांत झालेल्या निवडणुकींत अंजलीताई निवडून आल्या.

परभणी, हिंगोली, नांदेड या भागांतील जुन्या घराण्यांत, मठांत किंवा गुरूंच्या संग्रहीं हिजड्यांच्या हक्कांच्या सनदा, फसली सनाच्या नोंदवह्या, जोगत्यांच्या माळेचे करार, किंवा कोणीं स्वहस्तें लिहिलेलीं पत्रें असतील तर त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मोडी वाचून देण्याचें काम आम्ही अंगावर घेऊं. हयात माणसाचें पत्र असल्यास त्याची संमति आधीं घ्यावी, आणि त्यानें सांगितलेलें नांव व लिंगच नकलेवर लिहावें.