दोन पोलादांमधली चकती

परवा दिवाळीची आवराआवर करताना भिंतीलगतचं लाकडी कपाट हलवलं, आणि केरसुणीबरोबर एक चकती बाहेर आली. चार आण्याच्या नाण्याहून लहान, तांबूस रंगाची, मध्ये भोक, जाडीला पोस्टकार्डापेक्षा थोडी जास्त. दीड वर्षापूर्वी हिच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं. गेल्या वर्षी ते कपाट कोणी हलवलंच नव्हतं, त्यामुळे ती तिथेच बसून राहिली.

चकती ह्यांच्या मिटत्या चाकूतली. भाच्याने अमेरिकेतून आणलेला तो चाकू ह्यांनी बारा वर्षं वापरला. प्रवासात फळं, एरवी पार्सलच्या दोऱ्या. हे गेल्यानंतर तो माझ्याकडे आला तो निरुपायाने. विळीवर बसणं आता गुडघ्यांना जमत नाही, आणि अंगठ्यांच्या सांध्यांत संधिवात असल्याने नखाने ओढून उघडायचे चाकूही जमत नाहीत. ह्या चाकूच्या पात्याला एक लहानशी खुंटी आहे. ती अंगठ्याने जराशी लोटली की पातं लोण्यातून यावं तसं बाहेर येतं. म्हणजे यायचं. आंब्याच्या दिवसांत रस आत जाऊन ते चिकटायला लागलं आणि मी शहाणपणा केला. खिळीचा स्क्रू सोडवून चाकू उघडला. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती होती. त्यातली एक घरंगळली ती गेलीच.

एकाच चकतीवर चाकू पुन्हा जोडला. स्क्रू आवळला की पातं हलेना, सैल केला की डुगडुगायला लागे. चार-पाच वेळा उघडमीट केल्यावर मुठीच्या आतल्या बाजूला चकचकीत चरा उमटला. भाच्याला फोन केला.

"मामी, उघडलंस कशाला? फॉस्फर ब्राँझचं वॉशर होतं ते."

आता वॉशर म्हटलं की मला नळाचं रबर आठवतं. पण आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही वस्तूला 'तू आलीस कुठून' हे विचारायची खोड जात नाही. मग भाच्याने धाडलेलं आणि मी हुडकलेलं असं बरंच वाचलं.

मिटता चाकू रोमन लोकांकडेही होता. म्हणजे कल्पना दोन हजार वर्षांची तरी आहे. पण इतका काळ त्यात अशी वेगळी चकती फारशी कोणाला लागली नाही. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातल्या झोझेफ ओपिनेलने 1890 मध्ये केलेला चाकू घ्या. शेतकऱ्यांचा चाकू. लाकडी मुठीला फट पाडलेली, त्यात पातं आणि आरपार एक खीळ. झालं. पोलाद घासतं ते लाकडावर. पावसात लाकूड फुगलं की पातं आत अडकून बसतं. त्यावर तिथल्या लोकांचा उपाय आहे. मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, म्हणजे पात्याचा पाठचा भाग जरा वर येतो आणि तिथे धरून ओढता येतं. हा चाकू अजून निघतो आणि अजून फुगतो. 1955 मध्ये त्याला पातं जागेवर अडकवणारं फिरतं कडं बसवलं, बाकी फारसं काही बदललं नाही.

इंग्लंडात शेफिल्डच्या कारागिरांनी वेगळी वाट धरली. तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या खिशातल्या चाकूंत शिंगाच्या किंवा हाडाच्या मुठीला आतून पितळी पत्र्याचं अस्तर असे. आपण समजतो ते शोभेसाठी. शोभा होतीच, पण पातं त्या पितळेवर घासत फिरायचं. म्हणजे अख्खं अस्तर हीच चकती! पितळ पोलादापेक्षा मऊ, आणि गंजून पात्याला धरून ठेवत नाही. खीळ मात्र ठोकून पक्की केलेली. हातोडीचा एक घाव जास्त पडला तर चाकू जन्मभर घट्ट, कमी पडला तर जन्मभर ढिला. म्हणून ठोकताना पातं आणि अस्तर यांच्यात पातळ पत्रा सरकवून ठेवायचा आणि मागाहून ओढून काढायचा, ही युक्ती कारागीर अजूनही करतात. तेवढीच पात्याला फिरायला जागा. विकत घेणाऱ्याच्या हातात काहीच नसे. चाकू मऊ चालणार की नाही, ते कारखान्यातच ठरून गेलेलं असे.

आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईकाला ते फारसं जाणवतही नसे. त्या चाकूंच्या पाठीला एक जाड कमान असते. पातं उघडताना सगळा जोर त्या कमानीशी लागतो, खिळीजवळचं घर्षण त्यात लपून जातं. आपल्या हिंदी सिनेमातला रामपुरी आठवा. तो कटकट आवाजच त्याची ऐट. गुंडाने बिनआवाजाचा, मऊसूत चाकू काढला असता तर हिरो घाबरला नसता.

चित्र पालटलं ते 1980च्या आसपास, अमेरिकेत. मायकेल वॉकर नावाच्या कारागिराने मुठीच्या आतल्या पत्र्याचीच एक पट्टी वाकवून तिने पातं अडकवायची पद्धत सुधारून रूढ केली. पाठीवरची कमान गेली. 1981 मध्ये कोलोरॅडोच्या स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक पाडलं, अंगठा त्यात टेकवून एका हाताने उघडण्यासाठी. मला वाटतं, चकतीचा खरा इतिहास इथे सुरू होतो. कमान नाही आणि दोन बोटांची पकडही नाही. उरला एकटा अंगठा आणि खिळीजवळचं घर्षण. जे शंभर वर्षं लपलं होतं ते उघड्यावर आलं. शिवाय खिळीच्या जागी स्क्रू यायला लागले. किती आवळायचं हे आता मालकाच्या हातात! (त्याचे परिणाम वर सांगितलेच.)

मग मध्ये घालायचं काय, याचा शोध. नायलॉन घालून पाहिलं, टेफ्लॉन घालून पाहिलं. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. 6 एप्रिल 1938 रोजी न्यू जर्सीत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या 27 वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाला तो अपघाताने सापडला. वायूच्या नळकांड्यातून वायू येईना, वजन मात्र भरल्याइतकंच. कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट भुकटी. इतका निसरडा घन पदार्थ दुसरा मिळणं कठीण. शिवाय त्याला हलवायला लागणारा जोर आणि हलतं ठेवायला लागणारा जोर जवळपास सारखाच, म्हणून सुरुवातीचा तो धक्का जाणवत नाही. सगळं छान. पण तो दाबाखाली हळूहळू पसरतो. स्क्रू आवळलेलाच असतो आणि चकती मात्र बारीक होत जाते, की पातं डुगडुगलं. स्वस्त चाकूंत तो अजून असतो आणि नवा असताना बरा चालतो, एवढं खरं.

दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस रीव्हने उलट विचार केला. त्याच्या चाकूचं नाव सेबेन्झा, झुलू भाषेत 'काम'. 1987 मध्ये त्याने मुठीच्या जाड टायटॅनियमच्याच एका बाजूला चीर देऊन तिची कडी केली. 1989 मध्ये तो अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसीला गेला आणि पुढे तिथे हे चाकू कारखान्यात होऊ लागले. टायटॅनियम हलकं, गंजत नाही, पण घासायच्या कामाला अगदी नालायक. पोलादाशी थेट लागलं तर चिकटतं, ओरखडतं. म्हणून मधली चकती इथे सोय राहिली नाही, गरज झाली. त्याने घातली फॉस्फर ब्राँझची, म्हणजे तांब्यात थोडं कथील आणि किंचित फॉस्फरस. मोठी आणि अगदी सपाट. तिला बारीक भोकं, त्यांत ग्रीस साठून राहावं म्हणून. नवा चाकू थोडा आखडलेला असतो. वापरता वापरता चकती आणि पातं एकमेकांना घासून जुळतात, मग तो चालायला लागतो.

काशाची वाटी आणि तुपाने आजी तळपाय घासायची ते मला इथे आठवलं. काशात कथील बरंच जास्त असतं, तो मिश्रधातू वेगळा, पण घराणं एकच.

मऊ धातूच का, हे कळायला मला वेळ लागला. शाळेत वाटायचं, गुळगुळीत म्हणजे घर्षण कमी. तेवढ्याने भागत नाही. बाउडन आणि टेबर या केंब्रिजच्या दोघांनी 1950 मध्ये आपला मोठा ग्रंथ काढला, त्यात हे मांडलं आहे. कितीही घासलेला पत्रा सूक्ष्म पाहिला तर डोंगराळच असतो. दोन पत्रे टेकतात ते काही शिखरांवर, आणि तिथे धातू धातूला चक्क चिकटतो. सारखेच धातू असले तर जास्तच. पोलादावर पोलाद घासलं तर दोन्ही फाटतात. मधला धातू मऊ असला तर झीज त्याच्या वाट्याला येते, पातं आणि मूठ वाचतात. म्हणजे चकती झिजण्यासाठीच घातलेली असते. मोठी चकती जास्त मऊ चालते, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. आमाँताँने 1699 मध्येच सांगून ठेवलंय की घर्षण क्षेत्रफळावर नाही, दाबावर ठरतं. मोठ्या चकतीचा फायदा इतकाच की पातं बाजूला झुकत नाही. मग स्क्रू उगाच आवळावा लागत नाही.

हल्लीच्या चाकूंत चकतीऐवजी बारीक छर्रे असतात, बॉल बेअरिंग. ब्राझीलच्या फ्लाव्हिओ इकोमाने रिक लालाबरोबर बसवलेली पद्धत त्यात नावाजली गेली. बोटाने टिचकी मारली की पातं उडून बाहेर. भाचा तसा एक घेऊन आला होता. मजा वाटली, पण मला तो मानवला नाही. पातं इतक्या वेगाने आलं की मीच दचकले. शिवाय छर्रे म्हणजे सगळा भार टिंबांवर. टायटॅनियमसारख्या मऊ धातूत ते खळगे पाडतात, म्हणून खाली कडक पोलादाच्या चकत्या घालाव्या लागतात. (चकती सुटली म्हणता म्हणता ती परत आलीच.) आणि आंब्याचा रस सुकून छर्ऱ्यांत बसला तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

माझं काम अखेर आमच्या गल्लीच्या टोकाच्या लेथवाल्याने केलं. तशी चकती मिळेना, म्हणून त्याने पितळी पत्र्याची कापून दिली. ती जाड झाली. पातं एका बाजूला सरकून मिटताना मुठीला लागायला लागलं. मग त्याने काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि एका बोटाने चकती गोल गोल फिरवत बसला. मध्येच दुसरीशी जोडून नखाने जाडी चाचपायचा. अर्धा तास. पैसे विचारले तर म्हणाला, "काकू, पितळेचे दहा रुपये, बाकी राहू दे." मी पन्नास ठेवून आले. पहिला महिना पातं कुरकुरत होतं, अंगठा दुखायचा. पुढे कधी सुटलं ते कळलंही नाही.

आता ही मूळची सापडली. भाच्याला कळवलं, तो म्हणाला, लगेच बदलून टाक. पण पितळेची आता पात्याशी जुळली आहे. ही घातली तर पुन्हा स्क्रू सोडवायचा, पुन्हा तो महिना. चकती पुसून ह्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली. सध्या पेरूचे दिवस आहेत, चाकू रोज लागतो.